मूत्रमार्गाचा संसर्ग : रुग्ण कोण आहे, यावरून ठरणारा उपचार

एप्रिल-मे महिन्यांत बडोद्याचा पारा ४२ अंशांच्या पुढे गेला की दांडिया बाजार, रावपुरा, नवापुरा या भागांतल्या मराठी घरांतून 'उन्हाळी लागली' ही तक्रार दवाखान्यात येऊ लागते. नवरात्र सरले की तीच तक्रार तरुण मुली घेऊन येतात, कारण गरब्याला निघताना जड चणियाचोळी घातलेली मुलगी मैदानावरचे स्वच्छतागृह टाळण्यासाठी संध्याकाळपासूनच पाणी पिणे बंद करते. दोन्ही वेळी घरचा उपचार बहुधा ठरलेला असतो : मागच्या खेपेला घरातल्या कोणाला तरी लागू पडलेल्या गोळ्यांची अर्धी स्ट्रिप आणि जळजळ थांबवणारे एक गोड औषध कोपऱ्यावरच्या मेडिकल स्टोअरमधून आणले जाते. पंचविशीतली मुलगी, सातवा महिना लागलेली सून, प्रोस्टेट वाढलेले आजोबा, मधुमेह असलेल्या काकू आणि तापाने फणफणलेले तान्हे बाळ या पाच जणांच्या लघवीत एकच जंतू सापडला, तरी पाचही जणांचे औषध, ते घेण्याचे दिवस, तपासण्या आणि धोके वेगवेगळे असतात. हा फरक ओळखता यावा आणि डॉक्टरांशी नेमके बोलता यावे, यासाठी हा लेख आहे. त्यात दिलेली मात्रा माहितीसाठी आहे. ती वाचून परस्पर औषध आणू नये.

संसर्ग येतो कोठून

या संसर्गाचे जंतू बहुतेक वेळा रुग्णाच्या स्वतःच्याच आतड्यातले असतात. साध्या संसर्गांपैकी सुमारे तीन चतुर्थांश संसर्ग ई-कोलाय या जंतूमुळे होतात आणि उरलेल्यांत क्लेब्सिएला, प्रोटिअस, एन्टेरोकॉकस यांसारखे जंतू असतात. स्त्रीचा मूत्रमार्ग सुमारे ४ सेंटिमीटर लांब असतो आणि त्याचे तोंड गुदद्वाराजवळ असते. पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारे २० सेंटिमीटर लांब असतो. त्यामुळे जवळजवळ निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो आणि तरुण पुरुषांत तो क्वचित दिसतो. सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या आसनावरून हा संसर्ग लागतो, ही समजूत फार पसरलेली असली तरी आसनापेक्षा त्या भीतीपोटी तासन्‌तास लघवी रोखून धरणे आणि पाणी न पिणे अधिक नडते.

पहिली पायरी : थांबता येईल की आताच निघायचे

संसर्ग मूत्राशयापुरता असेल, तर लघवी करताना जळजळ होते, पुन्हा पुन्हा थोडी थोडी लघवी होते, एकदम घाई लागते, ओटीपोटात दुखते आणि कधी लघवी लालसर होते. ताप मात्र सहसा नसतो. हुडहुडी भरून ताप येणे, बरगड्यांच्या खाली पाठीत एका बाजूला दुखणे आणि उलट्या होणे ही तो मूत्रपिंडापर्यंत चढल्याची लक्षणे आहेत, आणि अशा रुग्णाने त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवले पाहिजे. रुग्ण बरळू लागला, श्वास जोरात चालू लागला, हातपाय गार पडले, रक्तदाब उतरला किंवा लघवीच कमी झाली, तर जंतूंचा परिणाम सर्व शरीरावर होऊ लागला आहे असे समजून, रात्र असली तरी, सयाजीराव जनरल हॉस्पिटल किंवा अतिदक्षता विभाग असलेले जवळचे कोणतेही रुग्णालय गाठावे. गर्भवती, लहान मूल, मूत्रपिंड बदललेला रुग्ण, केमोथेरपी घेणारा रुग्ण, मुतखडा असलेला रुग्ण आणि कॅथेटर (लघवीसाठी घातलेली नळी) किंवा स्टेंट (मूत्रपिंडाकडची वाट उघडी राहावी म्हणून आत ठेवलेली नळी) असलेला रुग्ण यांनी ताप येताच डॉक्टरांकडे जावे, 'उद्या बघू' म्हणू नये.

उरते ती निरोगी, गर्भवती नसलेली तरुण स्त्री, जिला दिवसभर उन्हात फिरल्यानंतर जळजळ सुरू झाली आहे, पण ताप नाही आणि लघवीत रक्तही नाही. उन्हाने लघवी दाट आणि गडद पिवळी होते व त्यामुळेही जळजळते. अशा वेळी पाणी, पातळ ताक, धने-जिऱ्याचे पाणी किंवा सब्जा घालून सरबत भरपूर घ्यावे आणि अर्धा दिवस वाट पाहावी. लघवी पाण्यासारखी फिकट होऊन जळजळ गेली, तर ती खरोखर उन्हाळीच होती. लघवी स्वच्छ होऊनही घाई आणि जळजळ कायम राहिली, किंवा एक दिवस उलटला, तर पुढची पायरी गाठावी. घरगुती पेयांना माझी हरकत नाही. संसर्ग मुरू देऊन आठवडाभर त्यांच्यावरच विसंबण्याला आहे. हृदयाचे पंपिंग कमी असलेल्या किंवा डायलिसिसवर असलेल्या रुग्णाने मात्र डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापाबाहेर पाणी पिऊ नये.

जळजळ नेमकी कोठे होते, हाही प्रश्न रुग्णाला विचारावा. लघवी आत असताना, ती सुरू होताना किंवा संपताना आत होणारी जळजळ मूत्राशयाकडे बोट दाखवते. लघवी बाहेरच्या त्वचेला लागल्यावरच झोंबते, सोबत खाज आहे आणि दह्यासारखा पांढरा स्राव जातो, अशी तक्रार असेल तर बहुधा योनीमार्गाला बुरशीचा संसर्ग झालेला असतो आणि त्यावर अँटिबायोटिक दिल्यास तो वाढतो. सासूबाई शेजारी बसलेल्या असताना नवी सून हे सांगत नाही, म्हणून तिच्याशी थोडा वेळ एकटीने बोलण्याची व्यवस्था डॉक्टरांनी करावी आणि घरच्यांनी ती करू द्यावी.

दुसरी पायरी : नमुना नीट घेणे

लघवीचे कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, चुकते ते बहुधा प्रयोगशाळेत चुकत नाही, बाटली भरतानाच चुकते. निर्जंतुक डबी लॅबमधून आणावी. धुतलेली औषधाची बाटली चालत नाही. शक्यतो सकाळची पहिली, नाहीतर किमान तीन-चार तास मूत्राशयात साठलेली लघवी द्यावी. हात साबणाने धुवावेत आणि जागा साध्या पाण्याने धुवावी, डेटॉलसारखे जंतुनाशक वापरू नये. स्त्रियांनी बोटांनी कडा बाजूला धराव्यात, पुरुषांनी पुढची त्वचा मागे घ्यावी, पहिली धार सोडून द्यावी, मधली धार डबीत धरावी आणि डबीच्या आतल्या बाजूला बोट लावू नये. नमुना दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचला पाहिजे. ते जमणार नसेल तर डबी पिशवीत बांधून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी आणि २४ तासांच्या आत पोचवावी. मेच्या दुपारी स्कूटरच्या डिकीत दोन-तीन तास फिरलेल्या डबीत जंतू वाढत राहतात आणि नसलेला संसर्ग रिपोर्टमध्ये उगवतो.

नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीच्या आधी घ्यावा. रुग्णाची अवस्था बरी नसेल तर नमुना घेऊन लगेच औषध सुरू करावे आणि दोन दिवसांनी रिपोर्ट आल्यावर ते कायम ठेवावे किंवा बदलावे.

प्रत्येकाला कल्चर लागत नाही. तरुण, निरोगी स्त्रीला पहिल्यांदाच ठळक लक्षणांसह मूत्राशयाचा संसर्ग झाला असेल, तर लघवीची साधी तपासणी पुरते. गर्भवती, पुरुष, लहान मूल, मधुमेही, मुतखड्याचा किंवा तापाचा रुग्ण, काही महिन्यांत पुन्हा त्रास झालेली स्त्री आणि औषध घेऊनही बरे न वाटणारी व्यक्ती यांच्यासाठी मात्र कल्चर आवश्यक आहे.

तिसरी पायरी : रिपोर्ट वाचणे

साध्या तपासणीत सूक्ष्मदर्शकाच्या एका क्षेत्रात पाचापेक्षा जास्त पस सेल्स (पुवाच्या पेशी) दिसल्या तर दाह आहे असे समजतात. पण सोबत एपिथेलियल सेल्सही भरपूर असतील तर नमुन्यात बाहेरच्या त्वचेचा भाग मिसळला असण्याची शक्यता मोठी. नायट्राइट पॉझिटिव्ह असेल तर ई-कोलायच्या गटातल्या जंतूंची शक्यता वाढते. ते निगेटिव्ह असले म्हणून संसर्ग नाही असे ठरत नाही, कारण एन्टेरोकॉकस हा जंतू नायट्राइट तयार करत नाही, आणि वारंवार लघवी होत असेल तर ते तयार होण्याइतका वेळ लघवी मूत्राशयात थांबतच नाही.

कल्चरमध्ये एका मिलिलिटरमागे १ लाख जंतू हा जुना आणि सर्वपरिचित निकष आहे. लक्षणे स्पष्ट असतील तर त्याहून बरीच कमी संख्याही खरी असू शकते. लक्षणे नसताना मात्र, गर्भवती सोडल्यास, १ लाखाचा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही. तीन-चार प्रकारचे जंतू एकत्र उगवले असतील तर नमुना बिघडलेला आहे, तो पुन्हा द्यावा. सेन्सिटिव्हिटीच्या, म्हणजे जंतूला कोणते औषध लागू पडते याच्या यादीत ज्या औषधांपुढे 'एस' (लागू पडते) लिहिलेले असते ती सारी चालतात असे रुग्णाला वाटते आणि त्यातले सर्वांत महाग औषध सर्वांत चांगले असेही वाटते. वास्तविक यादीच्या शेवटी छापलेली मेरोपेनेमसारखी इंजेक्शने राखीव असतात, आणि मूत्राशयाच्या साध्या संसर्गाला यादीतले सर्वांत साधे, तोंडावाटे घेता येणारे औषध निवडणे हेच शहाणपणाचे असते.

पस सेल्स पुन्हा पुन्हा भरपूर सापडतात, पण कल्चर दर वेळी निगेटिव्ह येते, अशा रुग्णाकडे आपल्या देशात विशेष लक्ष द्यावे लागते. आधीच घेतलेले अँटिबायोटिक, मुतखडा आणि लैंगिक संबंधांतून आलेला संसर्ग ही कारणे आहेतच. त्याशिवाय मूत्रपिंडाचा क्षयरोगही असाच दिसतो. त्यासाठी सकाळच्या लघवीची क्षयाची वेगळी तपासणी करावी लागते. निदान होण्याआधी लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्या देत राहिल्यास क्षयाची लक्षणे काही काळ दबतात आणि निदान लांबते.

तरुण, निरोगी स्त्री

मूत्राशयाच्या साध्या संसर्गासाठी नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन ही दोन औषधे पुढे असतात. नायट्रोफ्युरँटॉइनच्या सावकाश विरघळणाऱ्या १०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून दोनदा, जेवणानंतर, पाच दिवस घ्यायच्या असतात. त्यांनी लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी होते, त्यात काळजीचे काही नाही. फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची पुडी अर्धा ग्लास पाण्यात विरघळवून, रात्री लघवी करून आल्यावर, एकदाच घ्यायची असते. सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन आणि सेफिक्झिम या एके काळच्या हुकमी गोळ्यांना भारतातले ई-कोलाय मोठ्या प्रमाणात दाद देत नाहीत, शिवाय यांतल्या पहिल्या दोन औषधांमुळे स्नायुबंधांना इजा आणि इतर दुष्परिणाम होऊ शकतात, म्हणून अंदाजाने सुरू करण्यासाठी त्या योग्य नाहीत. २०१४ पासून सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन अशी अनेक अँटिबायोटिक्स एच-वन या अनुसूचीत आहेत. त्यांसाठी प्रिस्क्रिप्शन लागते आणि दुकानदाराला वेगळी नोंद ठेवावी लागते, तरीही ती काउंटरवर सहज मिळतात हे वास्तव आहे.

जळजळीसाठी दिले जाणारे सायट्रेटचे गोड औषध लघवीचा आम्लपणा कमी करते. काहींना त्याने बरे वाटते, पण ते जंतू मारत नाही. नायट्रोफ्युरँटॉइनला मात्र आम्लधर्मी लघवीच मानवते, म्हणून ही जोडी एकाच प्रिस्क्रिप्शनवर दिसली तर सरबत बंद ठेवावे का, असे डॉक्टरांना जरूर विचारावे. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरते.

औषध सुरू केल्यावर दोन दिवसांत स्पष्ट फरक पडला पाहिजे. तो पडला आणि त्रास गेला, तर केवळ खात्रीसाठी पुन्हा लघवी तपासायची गरज नाही. त्या तपासणीत उरल्यासुरल्या पस सेल्स सापडतात आणि नको असलेला दुसरा कोर्स सुरू होतो. जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्यांनी आणि मूत्रपिंडाचे कार्य बरेच घटलेल्यांनी नायट्रोफ्युरँटॉइन घेऊ नये.

लग्नानंतर लगेच होणाऱ्या संसर्गाबद्दल दोन शब्द लिहायला हवेत. शरीरसंबंधांमुळे जवळचे जंतू मूत्रमार्गात ढकलले जातात, म्हणून हा त्रास सुरू होतो. नवऱ्याला कोणता तरी रोग आहे किंवा बायको अस्वच्छ आहे असा त्याचा अर्थ होत नाही, आणि नवऱ्याला औषध देण्याचीही गरज नसते. संबंधांनंतर लवकर लघवी करावी, शुक्रजंतुनाशक लावलेली साधने टाळावीत आणि योनीमार्ग आतून साबणाने किंवा सुगंधी द्रवाने धुऊ नये.

संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला असेल तर

नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत उतरते, पण मूत्रपिंडाच्या पेशींत आणि रक्तात पुरेसे साठत नाही; फॉस्फोमायसिनच्या पुडीचेही तसेच. ताप आणि पाठदुखी असलेल्या रुग्णाला ती गोळी दिली तर जळजळ कमी होते आणि मूत्रपिंडातला संसर्ग आत धुमसत राहतो, आणि हा धोका घरच्या अर्ध्या स्ट्रिपमध्ये सर्वांत जास्त असतो. अशा रुग्णाचे लघवीचे कल्चर, रक्ताची तपासणी, क्रिअ‍ॅटिनिन आणि गरजेनुसार रक्ताचे कल्चर करून सुरुवातीला इंजेक्शन द्यावे लागते, आणि कल्चरचा रिपोर्ट पाहून एकूण ७ ते १४ दिवसांचा कोर्स पुरा करतात. ४८ ते ७२ तासांत ताप उतरला नाही तर सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करून आत पू साठला आहे का, वाट कोठे अडली आहे का, हे शोधले पाहिजे. अँटिबायोटिक नुसते बदलत बसू नये.

गर्भवती

गर्भारपणात संप्रेरकांमुळे मूत्रवाहिन्या, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे येणाऱ्या नळ्या, सैलावतात, वाढत्या गर्भाशयाचा त्यांच्यावर, विशेषतः उजव्या बाजूला, दाब पडतो आणि लघवी साचून राहते. त्यामुळे इतरांमध्ये दुर्लक्ष करता येण्यासारखी गोष्ट येथे करता येत नाही : काहीही त्रास नसताना लघवीत जंतू असणे. अशी स्थिती २ ते १० टक्के गर्भवतींमध्ये आढळते आणि उपचार न केल्यास त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना पुढे मूत्रपिंडाचा संसर्ग होतो, ज्यातून अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका वाढतो. म्हणून नाव नोंदवल्यावर, साधारण १२ ते १६ आठवड्यांच्या दरम्यान, त्रास नसला तरी एकदा लघवीचे कल्चर करून घ्यावे. बाळंतपणासाठी माहेरी येणाऱ्या मुलींच्या फायलीत सोनोग्राफीचे रिपोर्ट ढीगभर असतात आणि हाच एक कागद पुष्कळदा नसतो.

जंतू सापडले तर ४ ते ७ दिवस औषध दिले जाते. सेफॅलेक्सिन, अमॉक्सिसिलिन (जंतूला ते लागू पडत असेल तरच) आणि फॉस्फोमायसिन वापरता येतात. नायट्रोफ्युरँटॉइन मधल्या महिन्यांत चालते. पहिल्या तीन महिन्यांत दुसरा पर्याय असेल तर टाळतात आणि दिवस भरत आल्यावर देत नाहीत, कारण बाळाच्या रक्तपेशींवर परिणाम होऊ शकतो. कोट्रायमोक्साझोल पहिल्या तिमाहीत आणि शेवटी टाळतात. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातल्या गोळ्या गर्भारपणात देत नाहीत. कोर्स संपल्यावर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा कल्चर करावेच लागते. बरे झाल्याची अशी तपासणी नेमाने लागणारा हा महत्त्वाचा गट. लघवीत 'ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस' हा जंतू सापडल्याची नोंद असेल तर ती प्रसूतीच्या वेळी डॉक्टरांना दाखवावी, कारण त्या वेळी बाळाच्या रक्षणासाठी आईला इंजेक्शन द्यावे लागते. गर्भवतीला ताप आणि पाठदुखी असेल तर तिला रुग्णालयात दाखल करतात.

पुरुष

पुरुषाला झालेला संसर्ग साधा धरू नये. तरुण असेल तर मूत्रमार्गातून पू येतो का आणि नव्या जोडीदाराशी संबंध आला होता का, हे मोकळेपणाने विचारावे, कारण गोनोरिया आणि क्लॅमिडियाचा उपचार वेगळा आहे आणि तेथे जोडीदारालाही औषध लागते. पन्नाशीपुढच्या पुरुषात प्रोस्टेटकडे लक्ष द्यावे : धार बारीक झाली आहे का, रात्री कितीदा उठावे लागते, लघवी झाल्यावरही राहिल्यासारखी वाटते का. सोनोग्राफी सांगताना लघवी केल्यानंतर मूत्राशयात किती उरते तेही मोजायला सांगावे. हा आकडा नसलेला रिपोर्ट या वयात अर्धवट असतो.

ताप नसलेल्या पुरुषाला साधारण ७ दिवस औषध पुरते. प्रोस्टेटला सूज असेल, म्हणजे थंडीताप, गुदद्वाराच्या पुढच्या भागात ठणका आणि लघवी अडखळणे, तर २ ते ४ आठवडे आणि प्रोस्टेटमध्ये शिरणारे औषध लागते. नायट्रोफ्युरँटॉइन तेथे शिरत नाही. या काळात पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी करू नये. संसर्गाने तिचा आकडा चढतो आणि सारे घर कर्करोगाच्या धास्तीत पडते. ती करायचीच असेल तर बरे झाल्यावर सहा-आठ आठवड्यांनी करावी.

मधुमेही

साखर अनियंत्रित असेल तर संसर्ग वारंवार होतो, आणि बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात मूत्राशयाच्या नसा मंदावून लघवी पूर्ण बाहेर पडत नाही. अशांनी घाई लागण्याची वाट न पाहता घड्याळ बघून दर तीन तासांनी लघवीला जावे. डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे जननेंद्रियांच्या त्वचेला बुरशी होण्याचे प्रमाण वाढते. भारतात डॅपाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० साली संपल्यानंतर ती स्वस्त झाली आणि घरोघरी पोचली, म्हणून मधुमेही रुग्णाची जळजळ ऐकताना गोळ्यांची यादी आधी पाहावी. ताप, उलट्या किंवा खाणे बंद झाले असेल, तर या गोळ्या तात्पुरत्या थांबवण्याबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.

मधुमेही रुग्णाला ताप आणि पाठदुखी असूनही तो फारसा आजारी दिसत नाही, आणि दुसऱ्या दिवशी एकदम खालावतो, असे घडू शकते. मूत्रपिंडात वायू तयार करणारा एक गंभीर संसर्ग मुख्यतः मधुमेहींनाच होतो, आणि त्याचे निदान सीटी स्कॅनने होते. एवढे असूनही, काही त्रास नसलेल्या मधुमेहीच्या लघवीत वार्षिक तपासणीत जंतू सापडले तर त्यावर औषध देऊन लाभ होत नाही.

लहान मुले

दोन वर्षांखालच्या बाळाला सर्दी-खोकला नसताना ताप आला आणि कारण सापडले नाही, तर लघवी तपासल्याशिवाय राहू नये. बाळ जळजळ सांगू शकत नाही. ते दूध पीत नाही, उलट्या करते, किरकिर करते किंवा त्याचे वजन वाढत नाही. दोन-तीन महिन्यांच्या आतल्या तापलेल्या बाळाला थेट रुग्णालयात न्यावे.

नमुना हीच येथे अवघड गोष्ट आहे. चिकटवायच्या पिशवीतल्या लघवीत त्वचेचे जंतू हमखास मिसळतात, म्हणून पिशवीच्या नमुन्याचे कल्चर पॉझिटिव्ह आले तरी त्यावर विश्वास ठेवता येत नाही. स्वच्छ केलेल्या बाळाच्या ओटीपोटावर गार पाण्यात भिजवलेला गॉजचा तुकडा हलक्या हाताने गोल फिरवत राहिल्यास बऱ्याच बाळांना काही मिनिटांत लघवी होते आणि ती डबीत झेलता येते. घाई असेल तर डॉक्टर बारीक नळीने नमुना घेतात आणि आईवडिलांनी त्याला नकार देऊ नये.

मात्रा वजनावर ठरते. ताप आणणाऱ्या पहिल्या संसर्गानंतर सोनोग्राफी करावी, कारण अशा मुलांपैकी साधारण तिघांत एकाची लघवी मूत्राशयातून उलटी वर चढत असते. ते पाहण्याची नळीची तपासणी आणि मूत्रपिंडावरचे व्रण दाखवणारा डीएमएसए स्कॅन मात्र निवडक मुलांनाच लागतो. मुलग्याची धार बारीक, थेंबथेंब असेल तर मूत्रमार्गात जन्मजात पडदा असू शकतो. हे आईने सांगितले तरच कळते.

शाळेत जाणाऱ्या मुलींत वारंवार संसर्गाचे मुख्य कारण बद्धकोष्ठ आणि शाळेत लघवी रोखणे हे असते. भरलेले आतडे मूत्राशयाला दाबते. पोट साफ झाल्याशिवाय येथे अँटिबायोटिक टिकत नाही. पायाखाली पाट किंवा स्टूल देऊन रोज जेवणानंतर शौचाला बसवावे आणि शाळेच्या बाईंना मधल्या सुट्टीआधीही जाऊ देण्याची विनंती करावी.

वृद्ध आणि कॅथेटर

अँटिबायोटिकचा सर्वांत मोठा अपव्यय येथे होतो. वयस्कर माणसांच्या, विशेषतः अंथरुणाला खिळलेल्यांच्या लघवीत कायम जंतू असणे ही नेहमीची गोष्ट आहे. लघवीला वास येतो, ती गढूळ दिसते, एवढ्यावरून आजींना औषध सुरू करू नये. आधी पाणी वाढवावे. आजी अचानक असंबद्ध बोलू लागल्या तरी लगेच लघवीवर खापर फोडू नये. पाणी कमी होणे, सोडियम उतरणे, झोपेच्या नव्या गोळ्या, बद्धकोष्ठ, न्यूमोनिया आणि पडल्याने डोक्याला लागणे ही कारणे आधी तपासावीत. ताप, नवी जळजळ, ओटीपोटात किंवा पाठीत दुखणे यांपैकी काही असेल तर मात्र लघवीचा विचार पुढे येतो.

कॅथेटर राहिल्यास लघवीत जंतू शिरण्याची शक्यता दिवसाला ३ ते ८ टक्क्यांनी वाढते आणि महिन्याभरात ते जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत असतात. म्हणून कॅथेटर असलेल्याची लघवी 'सहज' तपासायला पाठवू नये. ताप किंवा इतर लक्षणे असतील तर, कॅथेटर दोन आठवड्यांपेक्षा जुने असल्यास, ते बदलून नव्या नळीतून नमुना घ्यावा. पिशवीतली लघवी कधीच पाठवू नये. घरी काळजी घेणाऱ्यांनी पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता लटकवावी, नळी आणि पिशवीचा जोड उगाच उघडू नये, पिशवी दोन तृतीयांश भरायच्या आत रिकामी करावी आणि आधी व नंतर हात धुवावेत. वृद्धाला रुग्णालयातून घरी सोडताना 'हे कॅथेटर कशासाठी आहे आणि केव्हा काढायचे' हा प्रश्न कुटुंबाने विचारलाच पाहिजे. अनेकदा ते परिचर्येच्या सोयीसाठी राहिलेले असते आणि त्याची गरज संपलेली असते.

पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये योनीमार्गाची त्वचा पातळ होते, तेथले उपकारक जंतू कमी होतात आणि संसर्ग वारंवार होतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने योनीमार्गात लावायचे इस्ट्रोजेनचे क्रीम या वयात उपयोगी पडते. साठीच्या काकूंना असे क्रीम सुचवले की त्या संकोचाने ते कपाटात ठेवून देतात, म्हणून ते कशासाठी आहे हे सुनेने किंवा मुलीने समजावून सांगावे.

मुतखडा आणि स्टेंट

गुजरातेत मुतखड्याचे रुग्ण पुष्कळ आहेत, आणि नडियादचे मूळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटल या कामासाठी १९७८ पासून ओळखले जाते. खड्याने मूत्रवाहिनी अडली आणि वर साठलेल्या लघवीत संसर्ग झाला, तर ती काही तासांत जिवावर बेतू शकणारी अवस्था आहे. तेथे नुसते इंजेक्शन पुरत नाही. स्टेंट घालून किंवा पाठीतून नळी टाकून लघवीला वाट करून द्यावीच लागते, आणि खडा नंतर काढतात. कल्चरमध्ये प्रोटिअस वारंवार येत असेल तर सोनोग्राफी करावी, कारण हा जंतू लघवी अल्कधर्मी करून स्वतःच खडे तयार करतो. आत ठेवलेला डीजे स्टेंट ठरलेल्या तारखेला काढून घ्यावा. दुखणे थांबल्यावर विसरलेला स्टेंट स्वतःवर खडे जमवतो. ती तारीख फ्रिजवर चिकटवून ठेवावी.

पुन्हा पुन्हा होणारा संसर्ग

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा संसर्ग झाला, तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात, आणि त्यातला प्रत्येक संसर्ग शक्य तर कल्चरने सिद्ध झालेला असावा. पाण्याचा उपयोग येथे पुराव्याने दिसला आहे : २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या तरुण स्त्रियांनी रोज दीड लिटर पाणी वाढवले, तेव्हा त्यांचे संसर्ग जवळजवळ निम्म्यावर आले. क्रॅनबेरीचा थोडा लाभ काहींना होतो. डी-मॅनोज या महागड्या पावडरीचा उपयोग २०२४ च्या चाचणीत दिसला नाही. मेथेनामाइन हिप्पुरेट हे अँटिबायोटिक नसलेले औषध प्रतिबंधासाठी चांगला पर्याय आहे, पण तेही आम्लधर्मी लघवीतच काम करते, म्हणून सायट्रेटचे सरबत त्याच्याबरोबरही घेऊ नये. संबंधांनंतरच त्रास होत असेल तर त्या वेळेपुरती अँटिबायोटिकची एक गोळी, हा उपाय रोजच्या गोळीपेक्षा बरा. रोज घ्यायची कमी मात्रेची गोळी शेवटी येते, आणि नायट्रोफ्युरँटॉइन महिनोन्‌महिने चालू असेल तर धाप, कोरडा खोकला, कावीळ किंवा पायांत मुंग्या दिसताच ती थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

अशा रुग्णांनी मोबाइलमध्ये एक यादी ठेवावी : संसर्गाची तारीख, कल्चरमध्ये आलेला जंतू, कोणत्या औषधांपुढे 'आर' (लागू पडत नाही) होते, कोणते औषध किती दिवस घेतले, आणि कशाने अंगावर पुरळ उठले. नव्या डॉक्टरांकडे जाताना किंवा रविवारी रात्री तातडीच्या विभागात पोचल्यावर पहिल्या इंजेक्शनची निवड या यादीवरून करता येते.